गोफ सुटेपर्यंत इंग्रजी

बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला एक पेपर होता: इंग्लंडचा इतिहास, परंपरा आणि संस्कृती. भाषा शिकायची तर ती बोलणारी माणसं काय खातात, कशाला हसतात, कुठल्या दिवशी नाचतात हे ठाऊक हवं, असं आमचे सर म्हणायचे. मला तो पेपर फार आवडायचा. गोव्यात, डिचोलीजवळच्या सर्वणला आमच्या घराच्या पायरीवर बसून मी इंग्लंडमधल्या खेड्यांविषयी वाचायचे. तिथे गावाच्या मधोमध हिरवं मैदान असतं, त्याच्या कडेला तळं, तळ्यात बदकं. समोर आई मिरचीच्या वाफ्यांना पाणी घालत असायची. मी तिला सांगायचे, ती विचारायची, "आणि त्या मैदानार कोण काय लावीत नाय? सगळी जमीन फुकट?"

अडचण एकच होती. मला इंग्रजी वाचता येत होतं, लिहिता येत होतं, पण बोलता येत नव्हतं. वर्गात बोलायची वेळ आली की मी कागद तोंडासमोर धरायचे आणि तो संपेपर्यंत खाली आणायचे नाही. दुसऱ्यांदा असं झालं तेव्हा सरांनी हळूच येऊन कागद माझ्या हातातून काढून घेतला. पुढे मी काय केलं? काही नाही. पंखा फिरत होता, त्याच्याकडे बघत उभी राहिले.

नंतर सरांनी मला बोलावलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते शांतपणे म्हणाले, "हे बघा, इंग्रजी मुख्य विषय घेतलात तर पुढे प्रत्येक सहामाहीला तोंडी परीक्षा आहे. या वेळी दहा मिनिटं कागदाशिवाय बोला. जमलं तर राहा. नाही जमलं तर विषय बदलायचा अर्ज द्या, अजून मुदत आहे. त्यात कमीपणा नाही."

अर्ज मी त्याच दिवशी लिहिला. अर्ज लिहिताना माझं इंग्रजी अगदी झकास होतं. तो घडी करून फायलीत ठेवला आणि घरी काही बोलले नाही. कारण आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि "आमचां चेडू इंग्रजी शिकता" हे आईने वाड्यावर सगळ्यांना, माशेवालीलासुद्धा, सांगून ठेवलं होतं.

परीक्षेसाठी प्रत्येकाने एक इंग्रजी परंपरा निवडायची होती. हवं तर प्रात्यक्षिक करून दाखवायचं. चहापानाचा विषय पहिल्याच दिवशी गेला, नाताळचं जेवण दुसऱ्या दिवशी. माझ्या वाट्याला मेपोल आला. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी गावात एक उंच खांब उभा करतात, त्याच्या टोकाला रंगीत फिती बांधतात, आणि पोरंपोरी एकेक फीत धरून खांबाभोवती नाचतात. निम्मे या बाजूने, निम्मे त्या बाजूने. नाचता नाचता फितींची वीण खांबावर उतरत येते.

मी फोनवर आईला त्याचं चित्र दाखवलं. तिने हात पुसले, फोन लांब धरून बघितला आणि हसायलाच लागली.

"ह्यां इंग्लंड?"

"हो."

"खुळां काय गो तू? हो गोफ! आमच्या शाळेत बाईंनी शिकयल्लो. आठ चेडवां होतों आमी, मी निळ्या दोरीर."

आईचं माहेर पेडण्याकडचं. ती सातवीपर्यंत शिकली. शाळेतलं तिला फार काही आठवत नाही असं ती सांगते, पण त्या दिवशी तिने पदर खोचला आणि अंगणात, एकटीनेच, हातात नसलेली दोरी धरून दोन फेऱ्या मारून दाखवल्या. एकदा वरून, एकदा खालून. मी आईला नाचताना कधी बघितलं नव्हतं. ती थांबली तेव्हा तिलाही बहुतेक ते लक्षात आलं, कारण ती लगेच म्हणाली, "चल, भात चुलीर आसा."

त्यानंतर दोन रविवार वर्गातल्या आठ मुली बस पकडून आमच्याकडे आल्या. आईने जुन्या साड्या फाडून आठ पट्टे केले आणि अंगणातल्या आंब्याच्या आडव्या फांदीला बांधले. गोफाच्या नाचात दोऱ्या अशाच वरून टांगतात. मधे काही नसतं, वीण आपली हवेत लोंबते. आम्हालाही ते बरंच पडलं. खांब परीक्षेच्या दिवशी आणू, सराव झाडाखाली. यात काही चुकतंय असं आम्हा दहाजणींपैकी एकीलाही वाटलं नाही.

त्या आठजणींतली माझी सगळ्यात जवळची मैत्रीण मूळची कोल्हापूरकडची. तिचे वडील इथल्या कारखान्यात कामाला आले आणि हे कुटुंब डिचोलीचंच होऊन गेलं. तिसऱ्या फेरीला ती मटकन खाली बसली.

"काकू, डोस्कं गरगराय लागलंय!"

"गरगरूक होयां!" आई झांज वाजवत म्हणाली. "गरगरला नाय तर गोफ कसलो? ऊठ. आणि लक्षात ठेव, दुसऱ्याच्या तोंडाक बघूचा नाय. फक्त दोरीक बघूचा."

सराव झाल्यावर पोयीचे पाव आणि वाटाण्याची उसळ खाताना सगळ्यांना अंगण हलतंय असं वाटत होतं. एकीने उसळ ताटाच्या बाहेर वाढून घेतली. आम्ही इतक्या हसलो की शेजारची म्हातारी कुंपणाशी येऊन विचारून गेली, कुणाचं लग्न ठरलं का.

परीक्षेच्या दिवशी आई, मी आणि दहा फुटी बांबू असे तिघे बसने निघालो. बांबूचं एक टोक ड्रायव्हरच्या पाठीमागे आणि दुसरं पार चौथ्या सीटवर. कंडक्टर म्हणाला, "मावशी, ही काठी खंय उतरतली?"

"कॉलेजीत," आई म्हणाली. "तिची परीक्षा आसा."

सगळी बस हसली. आईने त्या दिवशी लग्नाकार्याची हिरवी साडी नेसली होती. कॉलेजच्या फाटकाशी आल्यावर मात्र तिचा आवाज एकदम लहान झाला. "मी भायर थांबू?" तिने विचारलं. मी म्हटलं, तुझ्याशिवाय झांज कोण वाजवणार?

सभागृहात आम्ही बांबूच्या टोकाला आठ पट्टे बांधले आणि तो वाळूने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात रोवला. तो डुलत होता. मैत्रीण पाचर शोधायला लागली, माझी फाईल उघडली, हाताला लागला तो घडीचा कागद बांबूच्या बुडाशी ठोसला. तो माझा अर्ज होता. मी "अगं" म्हणेपर्यंत सर आणि सगळा वर्ग येऊन बसला. अर्ज गेला तो गेलाच, आणि बांबू तरीही डुलत होता.

"धर की तू त्याला," मैत्रीण कुजबुजली. "हितं उभी ऱ्हा न् बोल."

म्हणून मी खांबाजवळ गेले आणि दोन्ही हातांनी, डोक्याच्या थोडं वर, तो घट्ट धरला. भाषणाचा कागद मी उजव्या हातात बांबूला टेकवून ठेवला होता. मान किंचित वर केली की अक्षरं दिसत. सरांना वाटेल मी खांब धरलाय. हे लिहायला आता लाज वाटते, पण मी तसं ठरवलं होतं खरं.

आईने डोळे मिटून नमन सुरू केलं. गोफ नमनाशिवाय सुरू होत नाही, मग तो इंग्लंडचा असला म्हणून काय झालं! झांज वाजली, आठ मुली निघाल्या, आणि मी वाचायला लागले. पहिली दोन वाक्यं छान गेली. मग वरून वीण उतरू लागली. निळा, पिवळा, आईच्या जुन्या साडीचा विटका गुलाबी. खालून ती इतकी सुंदर दिसत होती की मी वाचायची थांबून बघतच राहिले. एक फेरी, दोन फेऱ्या, आणि पट्टा माझ्या बोटांवरून गेला.

झाडाखाली मधे कुणी उभं राहत नव्हतं. मधे उभं राहायचं कारणच नव्हतं. हे मला तेव्हा कळलं.

मी "थांबा" म्हणायला हवं होतं. पण परीक्षेत मराठी बोललं तर चालेल का, या विचारात दोन फेऱ्या गेल्या. मुली शिकवल्याप्रमाणे फक्त दोरीकडे बघत होत्या. आईचे डोळे मिटलेले. माझी मनगटं गेली, भाषणाचा कागद आत गेला, मग कोपरं, मग एक वेणी. नाकासमोरून पिवळा पट्टा गेला तेव्हा कुणीतरी पहिल्या बाकावर फुसकन हसलं आणि झांज थांबली.

"आगं बया!" मैत्रीण ओरडली. "तू आत काय कराय लागलीस?"

"तूच सांगितलंस ना उभी राहा म्हणून!"

सभागृहात हशा फुटला. मागच्या बाकावरची मुलं बाक बडवायला लागली. सरांनी रुमाल तोंडावर धरला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. शिपाईमामा ऑफिसातून कात्री घेऊन धावत आले. तेवढ्यात माझी आई, जी फाटकाबाहेर थांबणार होती, सरळ त्यांच्या आडवी उभी राहिली.

"कापूची नाय! गोफ कधी कापतत? विणललो गोफ उलटो नाचून सोडवूचो."

शिपाईमामांनी सरांकडे बघितलं. सरांनी रुमाल खाली घेतला आणि आईला अगदी आदराने विचारलं, "किती वेळ लागेल, ताई?"

"जितको विणूक लागलो तितकोच. पोरांक चक्कर येयत ती वेगळी."

सरांनी घड्याळ बघितलं. मग माझ्याकडे, म्हणजे पट्ट्यांमधून माझं जेवढं दिसत होतं तेवढ्याकडे. "मग दहा मिनिटं आहेतच," ते इंग्रजीत म्हणाले. "सांगा. हा खांब कशासाठी?"

माझा कागद माझ्याच हातात होता आणि मला दिसत नव्हता. मुली उलट्या निघाल्या. आईने झांज धरली. मला इतकं हसू येत होतं की घाबरायला जागाच नव्हती. मी हसत हसतच बोलायला लागले, आणि इंग्रजी आलं. तुटकं आलं, काळ चुकले, पण आलं. मी म्हटलं, थंडी फार असते तिथे, म्हणून ऊन आलं की लोक वेडे होतात, फुलं तोडून आणतात, एका मुलीला राणी करतात. मी म्हटलं, एकदा फार कडक देवभक्तांचं राज्य आलं, त्यांना नाच आवडत नव्हता, त्यांनी सगळे खांब पाडायला लावले. मग राजा परत आला आणि खांबही परत आले.

"आणि या फिती?" सरांनी विचारलं. "त्याही तितक्याच जुन्या?"

"नाही सर. खांब जुना, फितींची वीण बरीच नंतरची. ती शाळांमधून पसरली. बाईंनी मुलांना शिकवली." मला एकदम आठवलं आणि मी हनुवटीने आईकडे दाखवलं, कारण हात अडकले होते. "माझ्या आईलाही बाईंनीच शिकवली. ती निळ्या दोरीवर होती."

आईला इंग्रजी कळलं नाही, पण सगळे आपल्याकडे बघताहेत हे कळलं. तिने झांज आणखी जोरात वाजवली.

वेणी सुटली, कोपरं सुटली, मनगटं सुटली. भाषणाचा कागद चुरगळून खाली पडला आणि कुणीतरी त्याच्यावर नाचून गेलं. मी बोलतच होते. शेवटचा पट्टा मोकळा झाला तरी माझं बदकांच्या तळ्याबद्दल सांगून संपलं नव्हतं. सरांनी हात वर केला. "बारा मिनिटं झाली. बसा आता." मग मराठीत, हळू आवाजात, "तो अर्ज आणला होतात का?"

मी डब्याकडे बघितलं. मैत्रीण मधेच म्हणाली, "सर, त्यो खांबाखाली हाय. काढू का?"

"राहू दे," सर म्हणाले. "खांब पडेल."

परतीच्या बसमध्ये तोच कंडक्टर होता. "पास झाली काठी?" त्याने विचारलं. आईने ऐटीत मान हलवली. बसायला जागा एकच होती, तीत आई बसली आणि तिने बांबू धरला. मी बांबूला धरून उभी राहिले. डोकं अजून गरगरत होतं, मुलींना फिरताना बघून की स्वतःच्याच बोलण्याने, कुणास ठाऊक.

"इतको वेळ काय बोलत होतंस गो तू?" आईने विचारलं.

मग मी तिला पहिल्यापासून सांगितलं. थंडी, ऊन, फुलांची राणी, नाच न आवडणारे लोक, पाडलेले खांब.

"मगे? राजा परत इलो?"

"इलो."

"बरां झालां," आई म्हणाली, आणि सर्वण येईपर्यंत तिने बांबू हातातून सोडला नाही.