परत घेतलेली बॅटरी

अग्निशमन केंद्राच्या फोनवर सव्वीस वर्षं बसलेल्या बाईला सगळा भाग कंट्रोलताई म्हणूनच ओळखायचा. तिथं त्यांनी आगी पाहिल्या नाहीत, ऐकल्या. पूरही ऐकले. समोरचा माणूस ओरडत असला तरी आपला आवाज एका सुरात ठेवायचा आणि पत्ता काढून घ्यायचा, हे त्यांचं काम. "घाबरू नका, गाडी निघाली आहे. फोन ठेवू नका," हे वाक्य त्यांनी इतक्यांदा म्हटलं होतं की घरी दूध उतू जाताना दिसलं तरी तोंडून तेच निघेल, असं त्यांचे यजमान म्हणायचे. यजमान शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. त्यांना सगळे मास्तर म्हणत. जीभ तिरकी, पण बायकोच्या शब्दाबाहेर पाऊल नाही.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी पुरात अडकलेल्या एका बाईचा फोन आला. घरात पाणी, ती माळ्यावर. ताईंनी विचारलं, टॉर्च आहे का, दोर आहे का, शिट्टी आहे का, निदान प्यायचं पाणी वर घेतलंय का. प्रत्येकाला नाही. शेवटी ती बाई शांतपणे म्हणाली, "बॅटरी चार टक्के उरलीय." पुढची दहा मिनिटं ताई बोलत राहिल्या आणि मग फोन गेला. बोट पोचली तेव्हा बाई जिवंत होती, पण बोटीला घर सापडायला पाच तास लागले होते. हातात एक साधा दिवा असता तर पंधरा मिनिटांत सापडलं असतं.

तेव्हापासून ताईंच्या डोक्यात असल्या वस्तूंच्या दुकानानं घर केलं.

निवृत्तीनंतर त्यांनी बाजाराच्या रस्त्यावर एक गाळा घेतला. दहा बाय बाराचा. आधी तिथं चपलांचं दुकान होतं, त्यामुळे कितीही पुसलं तरी चामड्याचा वास जाईना. तिथं त्यांनी माल लावला: सोलर कंदील, छोटी-मोठी पॅनेलं, बॅटऱ्या, हातानं फिरवायचे रेडिओ, ताडपत्र्या, दोरखंड, शिट्ट्या, पाणी साठवायचे कॅन, पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, प्रथमोपचाराच्या पेट्या. मास्तरांनी पाटी रंगवली. ताईंनी सांगितलेलं नाव होतं 'सज्ज'. मास्तर म्हणाले, "यापेक्षा 'तहान लागण्याआधी' लिहू का? विहीर लोक आपापली समजून घेतील."

लोकांनी विहीरही समजून घेतली नाही आणि तहानही. पहिल्या महिन्यात येणाऱ्यांतले निम्मे चपला विचारायला आले. उरलेले गंमत बघायला. एक गृहस्थ शिट्टी वाजवून बघून म्हणाले, "बाई, तुम्ही आमच्यावर संकट यायची वाट बघत बसलाय की काय?" हे वाक्य बाजारात फिरलं. एखादा दिवस ढग आले की पानवाला ओरडायचा, "ताई, आज धंदा होणार बघा." ताई हसायच्या. फोनवर हसता येत नाही, दुकानात हसावं लागतं, एवढाच फरक, असं त्या मास्तरांना म्हणाल्या.

शेजारच्या गाळ्यात शिंपीदादा. दोन गाळ्यांच्या मधली भिंत इतकी पातळ की त्यांचं मशीन चालू झालं की ताईंच्या फळीवरचे कंदील थरथरायचे. दादा गप्पिष्ट, मनानं निर्मळ. गिऱ्हाईक नसलं की टेप गळ्यात अडकवून ताईंच्या दारात यायचे. त्यांचे वडील, आबा, दुकानामागच्या दोन खोल्यांत असायचे. फुप्फुसं निकामी होत चाललेली. हवेतून ऑक्सिजन ओढून देणारं मशीन पलंगाशेजारी दिवसरात्र घरघरत असे. वीज गेली की मशीन बंद. तेवढ्यापुरता एक छोटा सिलिंडर कोपऱ्यात उभा.

ताईंनी तो सिलिंडर पहिल्यांदा पाहिला आणि विचारलं, "हा किती तास चालतो?"

"पाच-सहा," दादा म्हणाले.

"आणि सहा तासांनंतर?"

"एवढा वेळ लाइट जातच नाही, ताई."

ताईंनी त्यांचा पिच्छा सोडला नाही. दुकानात एकच मोठी बॅटरी होती, सुटकेसएवढी, कडीला धरून उचलायची. आबांचं मशीन तिच्यावर चार तास चालेल, आणि ऊन असलं तर पॅनेल जोडून दिवसभर. त्यांनी खरेदीच्या भावात दिली. मास्तर पॅनेल घेऊन छपरावर चढले. ताईंनी मशीनची पिन भिंतीतून काढून बॅटरीत लावली आणि आबांना म्हणाल्या, "काही फरक वाटला?" आबा नळीतून श्वास घेत म्हणाले, "आवाज तोच. म्हणजे मी आहे." सगळे हसले. त्या दिवशी ताईंना वाटलं, दुकान उघडल्याचं चीज झालं.

त्यानंतर दोन महिने वीज गेली नाही. म्हणजे गेली, पण दहा मिनिटं, पाव तास. दादांच्या बायकोनं बॅटरी पलंगाखाली सरकवली. मग दादांना शिवणाच्या कडा बंद करायचं एक मशीन सवलतीत मिळत होतं. ते आलं तर शाळेच्या गणवेशाचं काम हाती येणार होतं. एके दुपारी दादा बॅटरी आणि छपरावरून उतरवलेलं पॅनेल घेऊन ताईंच्या दुकानात आले.

"पडून आहे नुसती. उंदीर झोपतो हिच्यावर," ते खाली बघत म्हणाले. "परत घेता येईल का?"

"दादा, पडून राहायलाच तर घेतली ना? सिलिंडरही पडूनच असतो."

"तसं नाही. पण आता गरज वेगळी आहे. पुढच्या हंगामात पुन्हा घेईन, शब्द."

आता खरं सांगायचं तर ताईंना राग आला. सहा महिने जो तो चेष्टा करत होता, आणि ज्या एका माणसाला पटलं असं वाटत होतं तोच बॅटरी घेऊन उलट्या पावली आला होता. शिवाय दुसरीही एक गोष्ट होती, जी त्यांनी पुढे फक्त मास्तरांना सांगितली. पुलापलीकडे राहणाऱ्या एका कॅटररनं तीच बॅटरी दोनदा विचारली होती, पूर्ण भावात. आणि त्या महिन्यात दुकानात काही म्हणता काही खपलं नव्हतं.

"करा परत," ताई म्हणाल्या. "तुमच्या वडिलांना तुम्ही माझ्यापेक्षा जास्त ओळखता."

दादांना ते लागलं. त्यांनी पैसे न मोजताच खिशात घातले. मास्तर मागे उभे होते. दादा गेल्यावर ते म्हणाले, "फोनवर असतीस तर एवढ्यात ठेवला असतास का गं?"

ताईंनी बॅटरी पुसून फळीवर ठेवली. तिसऱ्या दिवशी बॅटरी पॅनेलसकट कॅटररकडे गेली.

वादळ आलं ते पाच आठवड्यांनी, पहाटे. कुणाला कल्पना नव्हती एवढं मोठं. उजाडलं तेव्हा बाजाराच्या रस्त्यावर चार झाडं आडवी, विजेचे खांब वाकलेले, मास्तरांची पाटी उडून पानवाल्याच्या टपरीवर. ताई सहा वाजताच दुकानात पोचल्या. पहिलं काम केलं ते दादांच्या मागच्या खोलीत जायचं. आबांच्या नाकाची नळी सिलिंडरला लावलेली होती आणि दादा भिंतीला टेकून सिलिंडरच्या काट्याकडे बघत बसले होते.

"बारापर्यंत पुरेल," ते म्हणाले. आणि मग हळूच, "ताई, ती बॅटरी?"

"विकली, दादा."

त्यांनी मान हलवली, जणू एखाद्यानं कापड शिल्लक नाही म्हणावं.

ताईंनी फोन लावला, आपल्याच जुन्या कंट्रोल रूमला. पलीकडे नवी मुलगी होती. आवाज अगदी एका सुरात. "घाबरू नका, रुग्णवाहिका निघाली आहे. रस्त्यात झाडं आहेत, थोडा वेळ लागेल." थोडा वेळ म्हणजे काय ते ताईंना ठाऊक होतं. वेळ माहीत नसला की 'थोडा' म्हणायचं, हे त्यांनीच तिथल्या तीन मुलींना शिकवलं होतं.

आठ वाजले तरी गाडी आली नाही, तेव्हा त्या आणि मास्तर चालत निघाले. स्कूटर काढण्यात अर्थ नव्हता. झाडांच्या फांद्यांवरून, तारा चुकवत, पूल ओलांडून कॅटररच्या घरी पोचायला दोन तास लागले. माणूस भला होता. काय झालंय ते कळताच एक शब्द न विचारता आत गेला आणि बॅटरी घेऊन आला. मागून येणारी त्याची बायको म्हणाली, "पण अहो, सगळ्या गल्लीचे फोन लावले होते ना सकाळपासून. आणि पाण्याची मोटर."

बॅटरीच्या पडद्यावर आकडा होता सहा टक्के.

कॅटरर ओशाळला. "मला काय माहीत, ताई. शेजारी म्हणाले, तुमच्याकडे आहे, आमच्याकडे नाही."

त्याला काय बोलणार? त्यानं जे केलं ते चांगल्या माणसानंच केलं असतं. मास्तरांनी बॅटरी खांद्यावर घेतली, ताईंनी पॅनेल. परत यायला अडीच तास लागले, कारण मास्तरांना दर शंभर पावलांवर बसावं लागत होतं. बॅटरी त्यांनी ताईंच्या हाती दिली नाही.

पोचले तेव्हा पाऊण वाजला होता. सिलिंडर पंचवीस मिनिटांपूर्वी संपला होता. आबा उशांना टेकून बसलेले, ओठ निळसर, प्रत्येक श्वासाला सगळं अंग वर उचलत होतं. ताईंनी पिन लावली. मशीन घरघरलं. आबांचे डोळे उघडले. दादांच्या बायकोनं त्यांचा हात धरला. बाहेर गल्लीत मास्तरांनी पॅनेल आभाळाकडे करून धरलं होतं. आभाळ धुतल्या फडक्यासारखं राखाडी, सूर्याचा पत्ता नाही.

अकरा मिनिटं. ताईंनी घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण सव्वीस वर्षांची सवय. अकराव्या मिनिटाला बॅटरीनं बारीक पी-पी केलं आणि मशीन थांबलं.

आबा दोनच्या सुमारास गेले. रुग्णवाहिका साडेतीनला आली. आलेल्या माणसानं ताईंना ओळखलं, म्हणाला, "मॅडम, तुम्ही इथं?" आणि मग पलंगाकडे बघून त्यानं टोपी काढली.

भरलेली बॅटरी चार तास चालली असती. सिलिंडर बारा वाजून वीस मिनिटांनी संपला होता, आणि रुग्णवाहिका आली साडेतीनला. हा हिशोब करायला ताईंना कागद लागला नाही. तो त्यांच्या डोक्यात आपोआप झाला, आणि पुढे रोज होत राहिला.

चौथ्या दिवशी भेटायला आलेल्या लोकांसमोर कुणीतरी विचारलं, एवढं शेजारी दुकान असताना असं कसं झालं. दादांनी आबांच्या रिकाम्या पलंगाकडे पाहिलं. मग म्हणाले, "होती बॅटरी आमच्याकडे. ताईंनी परत घेतली. शेवटी दुकानदार ना त्या."

खोलीत ताई होत्या. मास्तरांचा चेहरा लाल झाला. ते उठायला लागले तसा ताईंनी त्यांचा सदरा खाली ओढला. रस्त्यात मास्तर म्हणाले, "खरं काय ते सांगायला काय झालं होतं तुला?"

"त्यानं काय खोटं सांगितलं?" ताई म्हणाल्या. "त्यानं आणली, मी घेतली. त्याला वडील परत मिळणार नाहीत. निदान दोष तरी दुसऱ्याच्या पदरी टाकू दे."

"आणि तुझ्या पदराचं काय?"

"माझ्या पदरात माझा वाटा आहेच, अहो."

आणि मग जे झालं ते बघून ताईंना आपल्याच दुकानाची किळस यायला लागली. दुकान चाललं. नुसतं चाललं नाही, धावलं. बैल गेल्यावर झोपा करायला सगळा भाग लोटला. ज्यानं शिट्टी वाजवून चेष्टा केली होती तो दोन बॅटऱ्या आणि चार कंदील घेऊन गेला. पानवाल्यानं टपरीवर पॅनेल बसवलं. ताईंना काही पटवून द्यावं लागेना. लोकच एकमेकांना म्हणत, "घेऊन टाक. त्या शिंप्याच्या बापासारखं व्हायला नको." दुकानात, ताईंच्या समोर, आणि पातळ भिंतीपलीकडे मशीन चालू असताना. ते वाक्य कानावर आलं की पलीकडचं मशीन क्षणभर थांबायचं. मग पुन्हा चालू व्हायचं.

एकदा ताईंनी एका गिऱ्हाइकाला सरळ सांगितलं, "असं बोलणार असाल तर माल मिळणार नाही." तो माणूस चकित झाला. त्याला वाटलं, बाईंना धंदा कळत नाही.

ताईंनी दादांशी बोलायचा दोनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा दादांनी टेप गळ्यातून काढून, एका गिऱ्हाइकाचं माप पुन्हा घ्यायला सुरुवात केली. दुसऱ्यांदा नुसतं म्हणाले, "ताई, जाऊ द्या." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

आठ महिन्यांनी दादांनी गाळा सोडला. स्टँडच्या मागच्या बाजूला कुठंतरी जागा घेतली. निघताना निरोप घ्यायला आल्या त्या वहिनी, त्याही दारातूनच. "हे टेम्पोत बसलेत," एवढंच म्हणाल्या.

गाळ्याच्या मालकानं दुसऱ्याच दिवशी ताईंना विचारलं, शेजारचा गाळा घेता का, भिंत पाडून देतो. ताई नको म्हणाल्या. तीन महिने नको म्हणाल्या. पण माल मावेना. बॅटऱ्यांची खोकी फुटपाथवर यायला लागली आणि एका पावसात दोन भिजली. मग घेतला.

भिंत पडली त्या दिवशी ताई स्वतः झाडू घेऊन बसल्या. फरशीच्या फटींत रंगीत धाग्यांचे तुकडे अडकलेले होते. झाडूनं निघेनात. त्यांनी केसांतला आकडा काढून एकेक बाहेर काढला. मास्तर म्हणाले, "बाई लावू ना कामाला." त्यांनी ऐकलं नाही. दुपारपर्यंत फरशी स्वच्छ झाली आणि तिथं फळ्या उभ्या राहिल्या.

संध्याकाळी एक बाई आली. नवीन होती या भागात. सासूला श्वासाचा त्रास आहे म्हणाली, मशीन आहे घरी. मग इकडेतिकडे बघून तिनं विचारलं, "इथं एक शिंपी बसायचा ना? ब्लाउज चांगला शिवतो असं ऐकलं होतं."

"बसायचे."

"कुठं गेले?"

"माहीत नाही," कंट्रोलताई म्हणाल्या. त्यांना पत्ता ठाऊक होता. मग त्यांनी फळीवरची बॅटरी दोन्ही हातांनी खाली काढली आणि त्या बाईला विचारलं, "तुमचा सिलिंडर किती तास चालतो?"