मणिचेचीचा मेन स्विच

तंकमणी हे तिचं नाव फक्त रेशन कार्डावर. बाकी सगळ्या इलंजिप्पारा गावाची ती मणिचेची. वयाने मोठ्या बायकासुद्धा तिला थोरल्या बहिणीसारखं चेचीच म्हणतात आणि तीही बिनदिक्कत त्यांना दटावते. गावच्या वाचनालयाची ती ग्रंथपाल. खांद्याला पिशवी अडकवून रबराच्या मळ्यांतून घरोघर हिंडायचं, बायकांना नवी पुस्तकं द्यायची, जुनी परत घ्यायची, आणि पानांवर माशाच्या कालवणाचे डाग कसे पडले याची उलटतपासणी करायची, हे तिचं काम. चौकशीचा तिला भारी सोस. अमकीच्या फणसाला यंदा फळ का कमी लागलं इथपासून विमान वर कसं टिकतं इथपर्यंत काहीही तिला विचारावंसं वाटतं. दहावीला विज्ञानात ती वर्गात पहिली आली होती. पुढे शिकायला नदीपलीकडे जावं लागे, बापाने पाठवलं नाही. तो राग तिच्या मनातून अजून गेलेला नाही, आणि का जावा?

तिची दुसरी ख्याती मेन स्विचची. आमच्या डोंगरकडेला एप्रिलातला विशूचा सण झाला की दुपारी ढग जमतात आणि विजा अशा पडतात की भांडी हलतात. पहिला गडगडाट कानावर आला की घरोघरच्या बायका टीव्हीची, फ्रिजची, मिक्सरची पिन काढतात. पण मणिचेचीचा हात कुणालाच धरता यायचा नाही. ती लहान असताना वीज तारेवरून घरात शिरली होती. आईचा हात तेव्हा बटणावर होता. आई वाचली, पण एका कानाने कायमची बहिरी झाली.

"ढगाने नुसतं खाकरलं तरी आमच्या घरी अंधार," तिचा नवरा शशी चारचौघांत सांगायचा.

"तुझा टीव्ही शाबूत आहे ना? मग गप बस," ती म्हणायची.

या उन्हाळ्यात तिने वाचनालयाच्या समितीचा पिच्छा पुरवून मुलींसाठी सुट्टीतलं शिबिर आणलं. कॉम्प्युटर आणि विज्ञान, रोज सकाळपासून जेवणवेळेपर्यंत. कॉम्प्युटर एका कॉलेजाने उसने दिले ते मणिचेचीच्या शब्दावर, आणि जागा मिळाली मागची खोली. ती खोली म्हणजे गावातल्या कॅरमबहाद्दरांचं माहेर. त्यांचा कॅरम भिंतीला टेकवून ठेवला गेला आणि ते सगळे व्हरांड्यात तोंड पाडून बसू लागले.

समितीचे अध्यक्ष दिवाकरन माश. माश म्हणजे मास्तर; निवृत्त झाले तरी छडी मनात अजून आहे. त्यांनी मणिचेचीला बजावून ठेवलं होतं, "हे बघ मणी, पोरी येतील, हसतील, खिदळतील, घरी जातील. शेवटच्या दिवशी आईबापांसमोर काही करून दाखवलंत तर खोली पुढच्या वर्षीही तुमची. नाहीतर पुन्हा कॅरम."

"दाखवू की," मणिचेची म्हणाली. ही खोली गेली तर पुन्हा मिळणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. तीस वर्षं बायकांच्या दारात पुस्तकं नेऊन घातली तिने. पोरी आपल्या पायांनी वाचनालयात येताना पहिल्यांदाच दिसत होत्या.

शिकवायला अंजिता टीचर होती, इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलगी. पहिल्याच आठवड्यात मणिचेचीने तिला दारातून विचारलं, "टीचर, आपला जुना रेडिओ आहे ना, तो गडगडायच्या आधीच खरखरतो. त्याला कसं कळतं?"

"विजेच्या लहरी असतात, चेची. आवाज मागून चालत येतो, त्या आधीच पोचतात. खूप लांबून."

बेकरीवाल्याची फेबिना, नववीतली, कोपऱ्यातून म्हणाली, "मग त्या खरखरी मोजता येतील?"

एवढ्यावर सगळं ठरलं. वाचनालयाचा जुना रेडिओ पुसून टेबलावर आला. त्याच्याजवळ पोरींनी एक छोटं यंत्र ठेवलं, त्याला कान म्हणून छोटा माइक लावला. रेडिओ खरखरला की यंत्र एक खूण नोंदवून ठेवणार आणि कॉम्प्युटर जोडला की त्या खुणांची रेघ उमटणार. कॉम्प्युटर दुपारी कपाटात जायचे. रेडिओ आणि यंत्र मात्र भिंतीतल्या विजेवर दिवसभर चालू राहायचे. सकाळी येऊन पोरी आदल्या दुपारचं वादळ बघणार होत्या.

सकाळी बघितलं तर रेघ वर चढत होती, आणखी चढत होती, आणि ऐन रंगात आल्यावर तुटली होती. पुढे कोरं. संध्याकाळी पुन्हा सुरू, शांत, सपाट. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. अंजिताने तारा बदलल्या. फेबिनाने प्रोग्रॅम पुसून पहिल्यापासून लिहिला. तरीही वादळ आलं की यंत्र मुकं. अनघा नावाच्या एका चुरचुरीत पोरीने तर शोधच लावला की गडगडाट सुरू झाला की विजा थांबतात, आणि हे लगेच शास्त्रज्ञांना कळवायला हवं.

"टीचर, जेवण झाल्यावर यंत्रालाही डुलकी लागत असेल," व्हरांड्यातून कुट्टप्पन ओरडला. तो कॅरमवाल्यांचा पुढारी.

"दुपारी यंत्राला कुणी हात लावतं का, चेची?" अंजिताने विचारलं.

"अजिबात नाही. मी इथेच तर असते. माशी बसू देत नाही त्याच्यावर," मणिचेची म्हणाली, आणि ते अक्षरशः खरं होतं. ती तासन् तास त्या यंत्रासमोर बसून त्याचा लुकलुकणारा दिवा बघायची. रेघ कुठे जाते, हा प्रश्न तिला जेवताना, भांडी घासताना, पिशवी घेऊन चढ चढताना सुटत नव्हता.

समारोपाला दोन दिवस उरले. सगळ्या घरी गेल्या, फेबिना गेली नाही. डबा उघडून ती मणिचेचीच्या समोर बसली आणि दोघी फणसाची भाजी वाटून खाऊ लागल्या.

"चेची, काल दुपारी तुम्ही काय काय केलंत? सगळं सांगा."

"पोलीस आहेस का गं? काय करणार? पुस्तकांना कव्हरं घातली. वासू पेपर वाचून गेला. मग गडगडायला लागलं. थोड्या वेळाने कोरा चहा प्यायला घरी गेले."

"घरी कशाला? इथे किटली आहे ना?"

"गडगडत असताना किटली कशी चालेल, बाई? मेन बंद नाही का..."

घास हातातच राहिला. दोघींनी एकदमच वर बघितलं. भिंतीवर, दाराशेजारी उंचावर, मेन स्विच होता, आणि त्याखाली मणिचेचीचं स्टूल कायमचं मांडलेलं होतं.

ती खोटं बोलली नव्हती. आमच्याकडे गडगडल्यावर मेन बंद करणं हे काम म्हणून कुणी जमेसच धरत नाही. पापणी मिटली हे कुणी सांगतं का? अंजिताला कळलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला. "माझी अम्मा रोज माझ्या लॅपटॉपची पिन उपटते! मग माझ्या कसं लक्षात आलं नाही?"

मणिचेचीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरींचं वादळ रोज स्टुलावर चढून तिनेच मोडलं होतं.

"चेची, उद्या मेन चालू ठेवाल?" फेबिनाने हळूच विचारलं.

"नाही," मणिचेची म्हणाली. "दुसरं काहीही माग. अम्माच्या कानातून आलेलं रक्त मी बघितलंय. आणि हे कॉम्प्युटर माझ्या शब्दावर आलेत."

फेबिनाने थोडा विचार केला. "मग यंत्रालाच भिंतीपासून सोडवू."

रेडिओत बॅटरीचे सेल पडले. यंत्राला मोबाईलची पॉवर बँक जोडली. आणि दुसऱ्या दिवशी आभाळ असं लख्ख निघालं की ढगाचा पत्ता नाही. नेमका त्याच दिवशी पावसाळी देव रजेवर. मणिचेची दर घटकेला अंगणात जाऊन पूर्वेला बघून येत होती.

समारोपाच्या दुपारीही ऊन रणरणतच होतं. आईबाप जमले, पंखे फिरत होते, अंगणात शेजाऱ्यांच्या रबराच्या शीटा वाळत होत्या. पोरींनी तुटलेल्या रेघा दाखवल्या, त्या का तुटल्या तेही सांगितलं. लोक मणिचेचीकडे बघून पोट धरून हसले. ती मान खाली घालून बसली.

दिवाकरन माश माइकपाशी आले. "मुलींनी धडपड केली, कौतुक आहे. पण जे यंत्र वादळात उपयोगी पडत नाही..." बोलता बोलता त्यांची नजर भिंतीला टेकवलेल्या कॅरमकडे गेली. कुट्टप्पन सरसावून बसला.

तेवढ्यात टेबलावरचा रेडिओ खरखरला. अंजिताच्या लॅपटॉपवर एक खूण उमटली. मग आणखी एक. मग भराभरा.

"बंद करा रे ते डबडं," माश म्हणाले.

"माश, विजा पडतायत," फेबिना उठून म्हणाली. तिने पडद्यावर बोट ठेवलं. "डोंगरापलीकडे. इकडेच येतायत."

"एवढ्या उन्हात?" कुट्टप्पन म्हणाला, आणि पुन्हा हशा पिकला.

मणिचेची हसली नाही. ती रेघेकडे बघत होती. ही चढण तिला पाठ होती. रोज सकाळी याच चढणीचं तुटलेलं टोक तिने बघितलं होतं. आजवर ती कानांवर विसंबली होती. बाहेर ऊन होतं, कानांना काहीच ऐकू येत नव्हतं. ती उठली, स्टुलावर चढली, आणि भर सभेत मेन खाली ओढला.

पंखे थांबले. माइक मेला. माशांचं वाक्य अर्धं हवेत राहिलं.

"मणी! वेड लागलंय का? कुठे गडगडलंय?"

"अजून नाही," ती स्टुलावरूनच म्हणाली. "येतंय."

खोलीत नुसता रेडिओ खरखरत होता. फेबिनाने मणिचेचीच्या साडीचं टोक घट्ट धरलं होतं. दारातलं ऊन हळूहळू पिवळं झालं, मग राखाडी. आणि मग डोंगराच्या पोटातून तो आवाज आला, लांबचा, जाडा, अगदी निःसंशय.

एकदम झुंबड उडाली. निम्म्या बायका शीटा उचलायला धावल्या, उरलेल्यांनी फोन कानाला लावले. "अगं, टीव्हीची पिन काढ! आधी फ्रिजची!" सगळ्यांत मोठा आवाज दिवाकरन माशांचा होता, ते बायकोला इन्व्हर्टर कुठे आहे ते समजावून सांगत होते.

मणिचेची खाली उतरून लॅपटॉपसमोर बसली. मेन बंद होता आणि तरी रेघ चालूच होती. गडगडाटातून वर चढली, शिखराला पोचली, थरथरली. आपण मेन बंद केल्यावर मागे काय चालतं, ते ती जन्मात पहिल्यांदाच बघत होती. डोळे भरून आले तशी तिने पदराने ते पुसले, नाहीतर रेघ दिसली नसती.

फोन ठेवून माश जवळ आले. पडद्यावर वाकले.

"फेबिना," त्यांनी विचारलं, "आता पुढची वीज कधी?"

"मोजतेय, माश."

माशांनी मागे वळून बघितलं. "कुट्टप्पा, तो कॅरम बाहेर घे. पोरींना रेघा लावायला भिंत लागेल."