पाठ म्हणणार न्हाय

“पुढची ओळ वाच की,” पुण्याचा पाव्हणा म्हणाला, आन् मला पुढची ओळ कंची त्येच कळंना.

भवानीनगरच्या साखर कारखान्याजवळ आमचं येशूचं देऊळ व्हतं. ऐतवारची उपासना नुकतीच झाली व्हती. मंडळीच्या म्होरं मी उभी, हातात उघडं शास्तर, म्हंजे आमचं बायबल. लेकरू जसं आईच्या दुधाला आसुसतं तसं देवाच्या शब्दाला आसुसा, मंग वाढाल, एवढं मी पानाकडं बघत घडाघडा म्हणलं व्हतं. पाव्हणा मिशनचा मोठा साहेब. खूश झाला. त्यानं पानावर बोट ठिवलं. “हे बघ, इथून पुढं.”

मला काय दिसणार? मी परत पहिल्यापासनं म्हणाय लागले. लेकरू जसं आईच्या दुधाला...

उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांची बायको, पाळकीणबाई, हसल्या. “जाऊ द्या साहेब. ऊस तोडणाऱ्या बाया या. यांच्या डोक्यात मावतं तेवढंच आम्ही घालतो.”

म्होरं बसलेलं कारखान्यातलं बाबू लोक हसलं. पाव्हणाबी हसला. माजी सासू मागं बसली व्हती, तिनं पदर तोंडाला लावला.

आता कुणी म्हणंल, लबाडी तुजीच. न्हाय. पानाकडं बघत म्हण, असं पाळकीणबाईंनीच सांगितलं व्हतं. आन् मला तर वाटायचं, वाचणारी समदी असंच करत्यात. आधी पाठ करायचं, मंग पानाकडं बघायचं. आमच्या घरात कुणी कधी अक्षर गिरवलं न्हवतं. मला कसं कळावं? त्या दिशी पाव्हण्याचं बोट बघून पयल्यांदा डोक्यात उजेड पडला. म्हंजे मी न ऐकलेलंबी तितं लिवलेलं हाय! कुणी सांगायची गरजच न्हाय! अगं बाई, मंग आमाला आजवर ह्ये वाटीवाटीनं का देत्यात?

वाटीवाटीनं म्हंजे खरंच वाटीनं. उपासना झाली की व्हरांड्यात पाळकीणबाई दुधाच्या भुकटीचा डबा घिऊन बसायच्या. भुकटी परदेसातनं यायची, गरिबांच्या लेकरांसाठी. आमी बायांनी रांगेत जायचं, त्या हप्त्याला शिकवलेलं वचन म्हणायचं. बिनचूक म्हणलं तर वाटी भरून. चुकलं तर, “पुढच्या रविवारी ये.” बाया कोयता चालवता चालवता वचन घोकायच्या. लेकरासाठी घोकायच्या. मीबी घोकायची, माजी पोरगी तवा अंगावर पीत व्हती आन् दिसभर ऊस तोडून मला पुरेसं दूध येत न्हवतं. पर खरं सांगते, मला त्या शब्दांचीबी भूक व्हती. फडात उनानं डोकं तापलं की मी ती वचनं मनात घोळवायची, आन् बरं वाटायचं. त्यावर माजा हक्क हाय असं वाटायचं.

सोमवारी मी पाळकीणबाईंच्या दारात गेले. म्हणलं, “बाई, मला वाचाय शिकवा.”

“कशाला?”

“शास्तर वाचायचं हाय.”

“आम्ही वाचून सांगतो ना? तुमच्या हातानं पानं मळतात. जा, कामाला जा.”

त्यांच्या आज्यानं बामणपण सोडून बाप्तिस्मा घेतला व्हता, ह्ये त्या कौतिकानं सांगायच्या. जानवं सुटलं, ताठा कुठं सुटला? आमीबी त्याच पाण्यानं बाप्तिस्मा घेतला व्हता. तरी पानं आमच्याच हातानं मळायची.

फुडल्या ऐतवारी रांगेत माजी पाळी आली. पोरगी काखंत.

“हं, म्हण,” पाळकीणबाई म्हणाल्या.

“मी पाठ म्हणणार न्हाय. वाचाय शिकवा.”

“मग भुकटी नाही.”

“नगा देऊ.”

“लेकराच्या पोटावर पाय देतेस?”

माज्या अंगाची लाही लाही झाली. “वचन म्हणलं तरच लेकराला दूध, असं शास्तरात कुठं लिवलंय? तितं बोट ठिवा बाई. मी वाचाय शिकंन आन् बघंन.”

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. मी रिकामी वाटी घिऊन घरी आले.

सासूनं लई तोंडसुख घेतलं. “शब्दानं पोट भरतंय व्हय गं?”

“भुकटीनं तरी कुठं भरलं व्हतं, आत्याबाई?”

बोलले खरी, पर पोरगी रडली की काळीज तुटायचं. ज्वारीच्या कण्यांची पेज तिला पाजायची आन् स्वताला शिव्या घालायची. परत जावं, वचन म्हणावं, वाटी भरून आणावी, असं लई येळा मनात आलं. गेले न्हाय.

सरकारनं मोठ्या माणसांसाठी सांजचा वर्ग काढला व्हता. गुरुजी गावातला. शिवाशिव नको म्हणून पाटी वरनंच माज्या वंजळीत टाकायचा. मनात म्हणलं, टाक. टाकलीस म्हणून अक्षरं काय बदलत्यात व्हय? दोन फडांच्या मधी जीव मोडस्तवर मी गिरवलं. कोयत्यानं फुटलेल्या बोटात पेन्सील धरली. जोडाक्षरांनी रडवलं मला. मंग बारामतीच्या बाजारात कोंबडी इकली आन् येशूच्या चरित्राचं बारकं पुस्तक आणलं.

एक दिस पाळकसाहेब सोता आमच्या खोपटावर आलं. हातात भुकटीचा डबा.

“बाई, हट्ट पुरे झाला. पाहुणे परत येणार आहेत. तेवढं वचन म्हणून दाखव, हा डबाच ठेव.”

सासूची नजर डब्यावर. माजीबी गेली, खोटं कशाला बोलू?

“बसा साहेब,” म्हणलं, आन् पुस्तक काढलं. येशू पोटात असताना त्याची आई मरिया देवाचं गुण गाती, ती जागा मी उघडली. आमाला ती कुणी कधी शिकवली न्हवती. बोट ठिवून एकेक अक्षर लावत निघाले. देवानं भुकेल्यांना पोटभर दिलं, आन् धनवानांना...

अडले.

पाळकसाहेबांनी तोंड उघडलं.

“थांबा. सांगू नका.”

त्यांनी तोंड मिटलं. मी परत मागनं आले. धनवानांना... रि... का... मं... लावून दिलं.

साहेब उठलं. डबा तितंच ठिवाय लागलं, तवा मी तो त्यांच्या हातात दिला. म्हणलं, “लेकरांचं दूध हाय ह्ये. वचन न इचारता समद्यांच्या लेकरांस्नी वाटा, मंग माज्या पोरीला घीन. आन् ऐतवारी मी येणार हाय. उपासना झाली की व्हरांड्यात बायांस्नी बसवून अक्षरं शिकवीन. अडवायचं असंल तर पाव्हण्यासमोर अडवा.”