कुलूप तुआसला, किल्ली बिशानला

जर्मनीहून परत येताना विमानात मी एकच चित्र रंगवत होते. तुआसचा मोठा कारखाना, मधोमध लेथ, लेथपाशी मी, आणि पोलादाचा चकाकता कीस माझ्या पायांशी पडतोय. पहिल्या दिवशी प्रत्यक्षात हातात झाडू मिळाला. कीस होता, अगदी ढीगभर होता. पण तो दुसऱ्याने पाडलेला, आणि मला फक्त गोळा करायचा होता.

तेही चाललं असतं. पण ज्या पराक्रमामुळे आमच्या कारखान्यात आज कॅन्टीनवालीसुद्धा मला ओळखते, त्याचा झाडूशी काही संबंध नाही. तो कुलपाचा आहे. तुम्ही चहा घ्या, गार होतोय. मी सांगते.

आधी एवढं ध्यानात घ्या की मी तत्त्वाची बाई आहे. बाबा बँकेत, आम्ही तुआसपासून ट्रेनने तासाभरावर बिशानला राहतो, आणि मुलगी परदेशात शिकून आली म्हणजे ती एसीत बसणार असं घरात सगळ्यांनी धरून ठेवलेलं. मी जाहीर केलं, मी मेन्टेनन्स मशिनिस्ट होणार. यंत्र मोडलं की त्याचा भाग स्वतः बनवायचा, स्वतः बसवायचा. हाताने काम करणाऱ्या माणसाचा मान मी तिकडे डोळ्यांनी बघितला होता. बाबा अजूनही इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत लोकांना सांगतात, "ती मॅन्युफॅक्चरिंगमध्ये आहे," आणि पटकन विषय बदलतात.

आमच्या कारखान्यात पत्र्याचे डबे बनतात. तिथे फोरमन आहेत लिम अंकल. मला ते नावाने हाक मारत नाहीत. "ए जर्मनी," म्हणतात.

तर कुलूप. यंत्राच्या आत हात घालण्याआधी त्याचा मुख्य स्विच बंद करायचा आणि त्यावर आपलं स्वतःचं कुलूप लावायचं, म्हणजे आपण आत असताना कोणी यंत्र चालू करू नये. जगात सगळीकडे हीच रीत आहे. आमच्याकडेही होती. फक्त सगळ्यांच्या कुलपांच्या दुसऱ्या किल्ल्या लिम अंकलच्या खणात बिस्किटांच्या डब्यात होत्या. कोणी जेवायला गेलं आणि त्याचं कुलूप राहिलं, की अंकल डबा उघडणार, कुलूप काढणार, यंत्र चालू.

ते बघितलं आणि माझं रक्तच उसळलं. मी थेट मॅनेजर मॅडमसमोर भाषण ठोकलं. कुलूप म्हणजे आत माणूस आहे. ज्याने लावलं त्यानेच काढायचं. दुसरी किल्ली ठेवणं म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळणं. फार सुंदर बोलले मी. स्वतःच्याच अंगावर काटा आला.

मॅडम म्हणाल्या, ठीक, महिनाभर करून बघू. पण या नियमापायी माल अडकला, तर त्याच दिवशी डबा परत खणात.

दुसऱ्या किल्ल्या मी माझ्या हाताने भंगारात टाकल्या. प्रत्येकाच्या कुलपाला फोटोचा टॅग लावला. माझ्या फोटोत मी अंगठा वर करून हसतेय. नियमाची पाटीही मीच लिहिली. अडीअडचणीला लावायला ऑफिसने घरचा फोन नंबर विचारला, तेव्हा मी बाणेदारपणे पुन्हा माझाच नंबर दिला. मी सज्ञान आहे, काही झालं तर मलाच फोन करा. यात काय चूक आहे, हे तेव्हा मला दिसलं नाही. तुम्हाला दिसतंय ना? दिसणारच.

महिना संपायला आला आणि डबे धुण्याच्या यंत्राचा शाफ्ट मोडला. हे यंत्र म्हणजे एक लांबलचक बोगदा. एका तोंडाने डबे आत जातात, दुसऱ्या तोंडाने स्वच्छ होऊन बाहेर येतात. नवा शाफ्ट बाहेरून यायला काही आठवडे लागणार होते, आणि डबे तर दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाइकाकडे निघायचे होते. लिम अंकलनी माझ्याकडे बघितलं, लेथकडे बघितलं, आणि म्हणाले, "जर्मनी, जमेल?"

मंडळी, झाडू धरून ज्या क्षणाची वाट बघितली, तो हाच. मी शाफ्ट बनवला. असा बनवला की बेअरिंगमध्ये लोण्यात सुरी जावी तसा गेला. यंत्र चालवून बघितलं, तर आवाज नाही, थरथर नाही. अंकल उठले आणि माझ्यासाठी स्वतःच्या हाताने कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेऊन आले. ते चाळीस पदकांच्या बरोबरीचं आहे.

तेवढ्यात मला दिसलं, यंत्राच्या संरक्षक जाळीच्या एका बोल्टाला वॉशर नाही. सगळे म्हणाले, राहू दे, संध्याकाळची शिफ्ट आली की बघू. मी ऐकते थोडीच? स्विच बंद केला, त्यावर माझं कुलूप लावलं, आत वाकून वॉशर घातला, जाळी बंद केली, हात पुसले, कोपी संपवली, आणि मान ताठ ठेवून घरी निघाले.

कळलं ना?

मला नाही कळलं. मी तुआस लिंक स्टेशनवरून एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत बसले, खिडकीतून क्रेन बघत होते आणि त्या मला सलामी देतायत असं वाटत होतं. कारखान्यात फोन सायलेंटवर ठेवावा लागतो, तो तसाच राहिलेला. ज्युरॉंग ईस्टला लाल लाइनची गाडी पकडायला उतरले तेव्हा बघितला, तर लिम अंकलच्या मिस्ड कॉलची ही रांग. माझं मन भरून आलं. एवढं कौतुक! पण मी संकोची आहे हो, तोंडावर स्तुती ऐकवत नाही. म्हणून फोन केला नाही.

मग त्यांचा मेसेज आला: कुठे आहेस? सगळे तुला शोधतायत.

मी लिहिलं: ट्रेनमध्ये. अंकल, हे सगळ्यांचं यश आहे. खाली जोडलेले हात.

थोड्या वेळाने दुसरा: तुझं कुलूप, जर्मनी.

आता ज्या माणसाने महिनाभर माझ्या नियमावर नाक मुरडलं, तो आपण होऊन कुलपाचं नाव काढतोय. शेवटी पटलं तर. मी झोकात उत्तर दिलं: बघा अंकल! म्हणून तर म्हणत होते, दुसरी किल्ली नकोच!

त्यावर त्यांचा लगोलग पुन्हा फोन आला, तोही मी संकोचाने उचलला नाही. मला वाटलं, गहिवरले असतील.

घरी आईने शिरा केला होता. मी शाफ्टची गोष्ट हातवारे करून सांगितली. बाबांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर माझा फोटो टाकला आणि पहिल्यांदाच खाली 'मशिनिस्ट' असं लिहिलं. मी डोळे पुसायला खिशातून रुमाल काढला. त्याबरोबर एक छोटी किल्ली टेबलावर पडली.

"ही कशाची गं?" बाबा म्हणाले.

मी ग्रुपवरच्या त्या फोटोकडे बघितलं, किल्लीकडे बघितलं, आणि शिऱ्याचा घास तसाच तोंडात राहिला.

अंकलना फोन लावला. ते अगदी शांत होते.

"जेवलीस?"

"नाही, अंकल."

"बरं. आता ये, ला." हे 'ला' म्हणजे इथल्या बोलण्याचं शेपूट.

बाबा माझ्याबरोबर टॅक्सीत बसले. वाटेत त्यांनी फक्त दोनदा विचारलं की नोकरी जाईल का. आईने शिऱ्याचा डबा हातात कोंबला होता. गुन्हेगाराने रिकाम्या हाताने जाऊ नये, असं तिचं मत.

मी फोन उचलत नव्हते तेव्हा काय झालं, ते तिथे कळलं. माझं कुलूप दिसलं म्हणजे मी आत आहे, असं माझ्याच पाटीवर लिहिलेलं. म्हणून अख्ख्या शिफ्टने टॉर्च घेऊन बोगद्यात मला शोधलं. माझ्या नावाने हाका मारल्या. कोणीतरी डब्यांच्या ढिगामागेही बघितलं. घरच्या नंबरवर फोन केला, तर तो माझ्याच खिशात थरथरला. मी ट्रेनमध्ये जिवंत आहे हे कळल्यावर मॅनेजर मॅडम बोल्ट कटर घेऊन आल्या. आणि महिनाभर नाक मुरडणारे लिम अंकल कुलपासमोर उभे राहिले. पाटीकडे बोट दाखवून म्हणाले, ज्याने लावलं त्यानेच काढायचं. मॅडमनी कटर बाजूला ठेवला, पण निर्णयही तिथल्या तिथे सांगितला: सकाळी माल निघाला नाही, तर बिस्किटांचा डबा परत खणात.

मी पोचले तेव्हा सगळी शिफ्ट यंत्रासमोर खुर्च्या टाकून बसली होती. स्विचवर मी अंगठा वर करून हसत होते, आणि माझ्या फोटोखाली कोणीतरी टिश्यूचं पाकीट अडकवलं होतं. इथे हॉकर सेंटरला जेवायला गेल्यावर टेबल अडवायला, म्हणजे 'चोप' करायला, लोक पाकीट ठेवतात ना, तसंच.

"टेबल चोप करतात, जर्मनी," अंकल म्हणाले. "तू अख्खी लाइन चोप केलीस."

मी कुलूप काढलं. यंत्र सुरू झालं, आणि माझा शाफ्ट असा फिरला की डब्यांनी धावतच बाहेर यावं. वाया गेलेला वेळ त्याने भरून काढला. बाबा काचेबाहेर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, तो शाफ्ट हिने बनवलाय. शिरा अंकलनी दोनदा घेतला.

सकाळी ट्रक वेळेवर निघाला. मॅडमनी नियम कायम केला. म्हणाल्या, जे कुलूप मला स्वतःला तोडता आलं नाही, ते कोणालाच तोडता येणार नाही. माझं तत्त्व जिंकलं, शाफ्ट जिंकला, आणि भंगारातल्या किल्ल्या भंगारातच राहिल्या.

मग अंकलनी पेन पुढे केलं. त्याच सकाळी मी ठरवलं आणि लगेच केलंही. टॅगवर, माझ्या हसऱ्या फोटोखाली, शाळेच्या पहिल्या दिवशी बालवाडीतल्या मुलांच्या दप्तरावर लिहितात तशा ठळक अक्षरात, एक नंबर लिहिला.

आईचा. ती पहिल्याच रिंगला उचलते.