फळीवाली आत्ती

एकदा मी चटणी वाटायचा पाटा डोक्यावर घेऊन शेतात गेले होते. चटणी वाटायला नव्हे. चिखलात घसरणाऱ्या फळीला तो सुंभानं बांधायला. असा उद्योग करणारी बाई आमच्या भागात माझ्याआधी झाली नसावी आणि पुढं होईल असंही वाटत नाही, कारण पाटेच आता कुणाच्या घरात राहिलेले नाहीत. त्या पाट्यासकट मी तोंडावर आपटले. नाकातोंडात चिखल गेला. बांधावरच्या बायांनी पदर तोंडाला लावायचीही तसदी न घेता पोटभर हसून घेतलं. मी तेव्हा तिशीला टेकलेली, दोन पोरांची आई होते, त्यामुळं वय लहान होतं म्हणून चुकलं असंही म्हणायची सोय नाही.

त्या बांधावर एकच बाई हसत नव्हती, ती माझी सासू. मी त्यांना आत्ती म्हणायची. गाव त्यांना फळीवाली म्हणायचं.

ज्यांनी भाताची चिखलणी बघितली आहे त्यांना फळी सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. नांगरट झाली, पाणी कोंडून चिखल केला, की तो सपाट करायला बैलांच्या मागं एक आडवी फळी बांधतात आणि तिच्यावर माणूस उभा राहतो. माणसाच्या वजनानं उंचवटा दबतो, खळगा भरतो. अशाच फळीवर उभं राहून पावसाळ्यात गावोगाव शर्यतीही होतात, त्याला चिखलगुठ्ठा म्हणतात. शर्यत असो की शेत, वर उभा असतो तो बाप्याच. आमच्या गावात त्याला एक अपवाद होता. मामंजी गेले तेव्हा आत्ती पस्तिशीच्या होत्या. त्या वर्षी जो तो आपापलं शेत उरकून सवडीनं आमच्याकडं आला. तोवर तरवा, म्हणजे लावायची भाताची रोपं, वय होऊन पिवळा पडला होता. पुढच्या पावसाळ्यात आत्तींनी कासोटा आवळला आणि स्वतः फळीवर चढल्या. एका म्हाताऱ्यानं बाईमाणसानं नांगराला हात लावू नये म्हणून सुनावलं, तर त्या म्हणाल्या, "नांगराला हात लावू नये म्हणत्यात. फळीला पाय लावू नये असं कोण म्हटलंय? बोलवा त्याला हिकडं." कुणी आलं नाही.

आत्ती बैलांना अहोजाहो करायच्या आणि माणसांना अरेतुरे. "चला पावणं, वळा आता," हे बैलांना. बांधावरून जाणाऱ्या सरपंचाला मात्र, "काय रं, कुटं निगालास?" मी एकदा भीत भीत विचारलं, तर म्हणाल्या की बैल कामाचं असत्यात. चिखलात उतरण्याआधी चपला काढून त्या बांधावर नीट जोडीनं ठेवायच्या, तोंडं घराकडं करून. परत जायचं आहे हे चपलेलासुद्धा माहीत असावं, असं त्यांचं म्हणणं.

आणि मी? मी उचगावची. दहावी पास. लग्नात पावडरचे दोन डबे घेऊन आले होते, त्यातला एक आत्तींनी पायाला चिखल्या झाल्यावर लावून संपवला. आमचे हे उचगावकडच्याच एका फौंड्रीत कामाला, तिथंच खोली करून राहायचे आणि सोमवारच्या सुट्टीला गावी यायचे. चिखल काही सोमवारची वाट बघत नाही. आणि ह्यांना फळी म्हटलं तरी अंगावर काटा यायचा, पोरवयात पडून गळ्याचं हाड मोडलं होतं. त्यामुळं फळीवर आत्ती, आणि धाकटं पोर चालायला लागल्यापासून त्यांच्या मागं, त्यांची कंबर धरून, मी. बाभळीची ती जुनी फळी उचलायला दोन माणसं लागायची. तिच्यावर आत्ती मला का उभं करत? तर वजनाला. पण मला ते कळायला हवं ना. दोन पावसाळे मी माहेरी जाऊन सांगत होते की आता मी फळी मारते.

तिसऱ्या उन्हाळ्यात आत्तींचा उजवा गुडघा गेला. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की चिखलात उभं राहायचं नाव काढायचं नाही. ही बातमी आमच्याआधी गावात पोहोचली, आणि दुसऱ्या दिवशी बापू आले. बापू म्हणजे आत्तींचे धाकटे दीर. ओसरीवर बसून चहा पीत म्हणाले, वैनी, यंदा तुमचं शेत मीच करतो, घरचंच हाय की. बोलणं गोड होतं, पण त्याचा अर्थ गावात सगळ्यांना माहीत होता. आमच्या शेजारच्या एका विधवा बाईचं शेत असंच तिच्या दिरानं केलं. पहिल्या वर्षी त्यानं अर्धं भात आणून घातलं, दुसऱ्या वर्षी बांध कोरला, तिसऱ्या वर्षी ती आपल्याच शेतात मजुरीनं तण भांगलायला जाऊ लागली. सोमवारी हे आले तर हेही म्हणाले, देऊन टाकू बापूंना, उगाच ताप कशाला. आत्तींनी डबी उघडली. मिसरी लावत बसल्या. मिसरी लावून झाली की थुंकून त्या जे बोलायच्या ते कायम झालेलं असायचं. त्या दिवशी थुंकून म्हणाल्या, "फळीवर ही चढंल." आणि बोट माझ्याकडं.

बाभळीची फळी माझ्यानं वळणार नव्हती. माझं वजन तेव्हा बेचाळीस किलो, आता ते सांगितलं तर नातवंडं फोटो मागतात. आत्तींनी बांधावरचं शिवणीचं झाड तोडायला लावलं आणि सुताराला घरी बोलावलं. हा सुतार शर्यतवाल्यांच्या फळ्या करायचा. त्यानं मला अंगणात उभं करून बघितलं, पावलं मोजली आणि शिवणीची फळी केली. पातळ, पुढची कड पुरीसारखी जरा वर उचललेली, एका हातानं काखेत मारता येईल एवढी हलकी. मला ती बघूनच हसू आलं. हा तर देवघरातला पाट, म्हणाले मी. सुतार आत्तींना म्हणाला, "फळी शर्यतीची हाय आत्ती. पोरीला झेपंल?" मला राग आला. दोन पावसाळ्यांचा अनुभव होता ना माझ्या गाठीला.

शेजाऱ्यांशी आमचा पैरा होता. त्यांची भांगलण आम्ही करायची, चिखलणीला त्यांचे बैल आमच्याकडं. शुक्रवारी बैल आले, आणि मी फळीवर जुन्या सवयीनं उभी राहिले, पाय जुळवून, कासरा धरून, मागं रेलून. बैलांनी पाऊल टाकलं आणि फळी माझ्या पायांखालून सुसाट पुढं निघून गेली. मी जागेवर, बुडावर. दुसऱ्या वेळी शहाणपणा करून पुढं झुकले, तर फळीचं नाक चिखलात रुतलं आणि मी बैलांच्या शेपट्यांपर्यंत जाऊन आले. सात वेळा चढले, सात वेळा पडले. दोष माझा असणं शक्यच नव्हतं, म्हणून मी ठरवलं की फळी हलकी आहे. फळीला वजन हवं. शनिवारी मी पाटा नेला.

पाटा चिखलात गेला तो गेला. मी बाहेर आले ती रडतच. आत्ती बांधावर उलट्या घमेल्यावर दुखरा पाय लांब करून बसल्या होत्या. त्यांनी माझं तोंड लुगड्याच्या पदरानं पुसलं, नाक शिंकरायला लावलं, आणि म्हणाल्या, "जुन्या फळीवर तू मला धरून हुतीस. हिच्यावर धरायला कोण न्हाय. म्हणून तू दगूड आनलास." एवढंच. मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्याच रात्री बापूंचा निरोप आला की मंगळवारी सकाळी ते बैल घेऊन येणार. तोवर आमचं झालं नसेल तर ते आपला नांगर घालणार. म्हणजे माझ्याकडं दोन दिवस होते. रविवारी आत्तींनी बैल आणूच दिले नाहीत. अंगणातल्या शहाबादी फरशीवर पाणी ओतलं, त्यावर जेवायला बसायचा पाट ठेवला, पाटाला दोर बांधला आणि मला वर उभं केलं. स्वतः पायरीवर बसून दोर ओढू लागल्या. कधी हळू, कधी हिसका. समोरच्या घरच्या बाया चहाचे कप घेऊन बघायला आल्या, जणू सर्कस. पाय लांब ठेव. गुडघं सोड. खांद्यात जीव नको, घोट्यात ठेव. दुपारपर्यंत माझं ढोपर सोलून निघालं. मी म्हणाले, आत्ती, बाभळीचीच बरी होती, ती गप उभं राहू द्यायची. त्या म्हणाल्या, "ती जड व्हती म्हणून तुझं चुकलेलं कळत नव्हतं. ही लगीच सांगत्या." आणि बोलता बोलता हिसका. मी पुन्हा खाली.

सोमवारी हे आले. पहिल्यांदाच त्यांनी चिखलात उतरून बैल धरले, आणि मी शिवणीच्या फळीवर चढले. दोन खेपांना पडले. तिसऱ्या खेपेला काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. गुडघे कधी सैल झाले कळलं नाही. उंचवटा येतोय हे तळपायाला आधी समजलं आणि पुढचा अंगठा आपोआप दबला. खळगा आला तशी टाच सैल झाली, फळीपुढचा चिखल त्यात उतरला. फळी पाण्यावरून चुळचुळत निघाली. शेताचं दुसरं टोक आलं तरी मी वरच. मग वळणावर पडले ती गोष्ट वेगळी. त्या दिवशी मला उमगलं की जुनी फळी वजनानं चालायची, ही गुडघ्यानं चालते. जुनीचं एका खेपेत होणारं काम हिला तीन खेपांत करावं लागतं, पण तिची एक होईतो हिच्या चार होतात. अंधार पडायच्या आत अर्धं शेत झालं. ह्यांना शेवटच्या एसटीनं जावं लागलं. जाताना म्हणाले, आता बघ बाई तुझं तू.

मंगळवारी उजाडताच मी एकटी उतरले. कासरा माझ्याच हातात. बापू आले तेव्हा एक कोपरा उरला होता. त्यांनी आपले बैल बांधावर उभे केले, हाताची घडी घातली आणि बघत राहिले. त्यांना बघून माझे गुडघे पुन्हा लाकडाचे झाले. पहिल्याच वळणावर मी अशी पडले की कासरा सुटला आणि बैल आपल्या मनानं चार पावलं पुढं गेले. मी उठले. डोळ्यातला चिखल काढला. बैलांना "थांबा पावणं" म्हणाले, हे तोंडातून कसं आलं देव जाणे, आणि ते थांबले. फळीवर चढले. तो कोपरा मी पाच खेपांत केला आणि पुन्हा पडले नाही. मग आत्ती घमेल्यावरून उठल्या, लंगडत बांधाच्या कडेला आल्या आणि मूठभर कोंडा पाण्यावर फेकला. जमीन सपाट आहे का हे बघायची त्यांची ती रीत. पाणी एका अंगाला ओढत असेल तर कोंडा तिकडं गोळा होतो. कोंडा होता तिथंच पसरून राहिला. बापूंनी बैल वळवले आणि गेले. त्याच दिवशी आम्ही तरवा लावायला घेतला.

पुढं सात-आठ पावसाळे मी ती फळी चालवली. नंतर गावात पॉवर टिलर आला. आत्ती तोवर थकल्या होत्या, पण चिखलणीला घमेल्यावर बसायला यायच्याच. टिलरवाल्या पोराला म्हणायच्या, हळू रं, ते काय बैल हाय व्हय ऐकायला. एका श्रावणात त्या गेल्या. गुडघ्यानं नव्हे, न्युमोनियानं. शेत आमचंच होतं, आजही आहे.

दिवस घातल्यानंतर बापू आमच्या ओसरीवर आले. तेही आता वाकले होते. चहा ठेवला, तो घेतला नाही. खाली बघत म्हणाले, "सूनबाई, त्या मंगळवारी मी आपल्या मनानं आलो न्हवतो. वैनीच शनवारी माज्या घरला आलत्या, लंगडत. म्हणाल्या, मंगळवारी बैल घिऊन ये. पोरगी हरली तर शेत तुजं, न्हायतर परत त्या शेताचं नाव काढू नगंस. मला शेत पायजेच हुतं, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, वैनी, दोन दिसांत ती काय शिकती, आजच पाटा घिऊन पडली की. तवा म्हणाल्या, 'पडंल की. मंगळवारी बी पडंल. पर तुज्याम्होरं पडून ऱ्हायाची न्हाय ती.'"