तोरण्याच्या माथ्यावर भाताचं रोप

मंडळी, आज सकाळी वेल्ह्याला आमच्या खाचरात भातलावणी होती. केमो चालू असल्यामुळे डॉक्टरांनी मला चिखलात उतरायला मनाई केलीय. बांधावर खुर्ची टाकून बसले होते, तेही चिडूनच. दरवर्षी पहिलं रोप मीच लावते हो!

पण खाचरात कुणी उतरेचना. सासूबाई म्हणाल्या, "तुजा हात लागल्याबिगर आमी न्हाई उतरणार."

मग एकेकजण रोपांची मूठ माझ्या हाताला लावून चिखलात उतरला. सासूबाई शेवटी. खाचरातल्या पाण्यात समोरच्या अख्ख्या तोरणा किल्ल्याचं प्रतिबिंब दिसत होतं. त्यांनी वाकून बरोबर त्याच्या माथ्यावर रोप लावलं आणि वळून विचारलं, "हितं लावलं तर चालंल का गं?"

मी खुर्चीतूनच होकाराची मान हलवली. तुमच्यासाठी कधी कुणी असं बांधावर थांबलंय?