वहिनी शेवटच्या प्रकरणावर आल्या

भालकी शहर आणि आसपासच्या समस्त नागरिकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आमच्या थोरल्या वहिनी कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणावर आल्या आहेत. तरी सर्वांनी आपापली घरगुती गुपितं आणि बोलता बोलता तोंडातून निसटणारी वाक्यं सांभाळावीत. चोरीला गेल्यास आमचं दुकान जबाबदार राहणार नाही. अशी दवंडी रिक्षाला भोंगा लावून फिरवावी, असं मी अण्णांना, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, सुचवलं होतं. अण्णा हसले नाहीत. त्या दिवसांत ते हसतच नव्हते.

वहिनींइतकी अवघड बाई मांजरा नदीच्या दोन्ही काठांना झाली नाही, असं माझं ठाम मत आहे. पुण्याच्या प्रकाशकाच्या लेखी त्या ‘दक्षिणेकडच्या लेखिका’. बेंगळुरूच्या लेखी त्या उत्तरेकडच्या. आणि भालकीच्या लेखी बियाणेवाल्याची बायको. त्या विचार मराठीत करतात, रागावतात कन्नडमध्ये आणि देवाशी भांडण दख्खनीत काढतात, त्यामुळे त्यांच्या कादंबरीतली माणसंही एका पानात तीनदा भाषा बदलतात. प्रकाशकानं एकदा फोन करून विचारलं, ‘‘ताई, एवढी सरमिसळ कशाला?’’ वहिनी म्हणाल्या, ‘‘आमच्याकडं भांडण असंच असतंय. तुमच्याकडं एकाच भाषेत पुरतंय का?’’

लिहायला त्यांना टेबल चालत नाही. दुकानामागच्या पत्र्याच्या गोडाऊनमध्ये तुरीच्या पोत्यांवर मांडी घालून बसायचं आणि बियाणं कंपन्यांच्या जाहिरातींच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायचं. त्यामुळे एका बाजूला नायिका माहेर सोडून निघालेली आणि पान उलटलं की टपोरी शेंग. संवाद मात्र त्या बसल्या जागी बनवत नाहीत, बाजारातून आणतात. एकदा कांदे विकणाऱ्या एका म्हातारीसमोर उभ्या राहून त्यांनी एकदम दरडावलं, ‘‘माझ्या नवऱ्याला काय केलीस तू?’’ मी मागं पिशवी धरून उभा होतो, मला जमीन गिळेल तर बरं असं झालं. म्हातारी कांदे निवडता निवडता म्हणाली, ‘‘ठेवून घेतलेय. न्या की परत, लई खायलाय.’’ वहिनींनी दोन किलो कांदे जास्तीचे घेतले आणि ते वाक्य जसंच्या तसं छापून आलं.

कादंबरी कुठवर आली हे आम्हाला ताटावरून कळायचं. नायिकेचं लग्न ठरलं की पुरणपोळी. बाळ झालं की शिरा. सासू जिंकली की आमटी खारट. एकदा आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मुगाची खिचडी मिळाली. भीत भीत चौकशी केली, तर नायकाला कावीळ झाली होती.

हे सगळं हसण्यावारी नेता येत होतं. ही कादंबरी तेवढी नेता येत नव्हती. ती दोन बहिणींची गोष्ट होती, आणि धाकटी शेवटी विहिरीत जाते हे आम्हाला माहीत होतं, कारण वहिनींची खरीच एक धाकटी बहीण होती. मागणी आली म्हणून थोरलीच्या आधीच मेहकरला दिलेली. सासरी निभेना म्हणून ती ठाणाकुशनूरला माहेरी परत आली, तिच्या आप्पांनी तिला पुन्हा सासरी जायला बजावलं, आणि ती शेतातल्या विहिरीवर गेली. आप्पांनी तापानं गेली असं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. घरात रडायचं नाही, असा हुकूम होता. वहिनींचं लग्न तेव्हा व्हायचं होतं, म्हणून सगळं झाकलं. हे अण्णांनी मला सांगितलं. वहिनींच्या तोंडून आम्ही कधी ऐकलं नाही.

या प्रकरणापाशी त्या आधी दोनदा येऊन थांबल्या होत्या. पहिल्या वेळी लिहिलेलं सगळं हौदात बुडवलं. दुसऱ्या वेळी बोलणंच बंद केलं, जेवण बंद केलं, आणि एका दुपारी अण्णांना त्या परसातल्या आडाच्या काठावर बसलेल्या सापडल्या. मग कलबुर्गीचे डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. डॉक्टरांनी बजावलं, लिहू द्या, पण एकटं सोडू नका. अण्णांनी आडावर लोखंडी जाळी बसवली, तिला कुलूप घातलं, किल्ली स्वतःच्या करदोट्याला बांधली आणि गोडाऊनच्या दाराची आतली कडी उपटून काढली. आता ही तिसरी वेळ होती.

त्या दिवशी सकाळी वहिनींनी चूल पेटवली नाही. गॅसही नाही. चहा नाही. त्या सरळ गोडाऊनमध्ये गेल्या आणि दार लोटून घेतलं. आम्ही दोघं भाऊ पुढं दुकानात बसलो. कोहिनूर गावचं एक गिऱ्हाईक हरभऱ्याचं बियाणं मागत होतं आणि अण्णा त्याला सोयाबीन दाखवत होते.

‘‘जाऊन बघ, पेनाचा आवाज येतोय का,’’ अण्णा म्हणाले.

‘‘पेनाचा कुठं आवाज येतो, अण्णा?’’

‘‘मग खोकल्याचा. कशाचा तरी.’’

मी चप्पल काढून दाराला कान लावला. आतून वहिनी म्हणाल्या, ‘‘भाऊजी, सरका तिकडं. तुमचा श्वास ऐकू यायलाय.’’

मी परत येऊन सांगितलं, ‘‘बोलल्या.’’ अण्णांनी डोळे मिटून मान हलवली. थोड्या वेळानं पुन्हा, ‘‘जा, बघ.’’ असं चाललं होतं. दुपार झाली. मग मात्र आतून काहीच येईना. मी खोकलो. दुसऱ्यांदा खोकलो. श्वास ऐकू येत असेल तर खोकलाही येत असेलच. उत्तर नाही. अण्णा उठले, त्यांचा हात सदऱ्याखाली किल्लीवर गेला, आणि त्याच वेळी आतून हंबरडा आला. मयताच्या घरी बाया नाव घेऊन रडतात तसा, ‘‘माझे बाई गं’’ असा, लांब.

अण्णा दार ढकलून आत गेले. मी घाबरून दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि मागोमाग धावलो. वहिनी पोत्यांवरच होत्या. केस सुटलेले, मांडीवर कागद, आणि छाती बडवून मोकळ्यानं रडत होत्या. अण्णा तिथंच खाली बसले आणि त्यांचा पाय धरून राहिले. पायच हाताशी आला म्हणून.

इकडं अर्धं शटर, घरात चूल गार आणि आतून हंबरडा. आमच्या गल्लीला आणखी काय पाहिजे? मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारच्या बाया भाकरी घेऊन येतात आणि घरच्यांना पहिला घास आपल्या हातानं भरवतात. त्याला कडू घास म्हणतात. तासाभरात समोरच्या बसव्वा अज्जी टोपलीभर ज्वारीच्या भाकरी, झुणका आणि मागं सात-आठ बाया घेऊन गोडाऊनमध्ये शिरल्या. कुणी काही विचारलं नाही. आमच्याकडं आधी रडतात, मग विचारतात. बाया वहिनींना वेढून बसल्या आणि गळ्यात पडून रीतसर रडू लागल्या. मी कोपऱ्यात घामाघूम. आता यांना कसं सांगायचं की मेलेली बाई जाहिरातीच्या कागदावर आहे?

पुढचं आधीच सांगून टाकतो. कादंबरी छापून आली. गोळ्या अजून चालू आहेत. काही सकाळी वहिनी खिडकीपाशी बसून राहतात, तेव्हा अण्णा गिऱ्हाइकाला भलतंच बियाणं दाखवतात. किल्ली अजून करदोट्यालाच आहे. पण संध्याकाळपर्यंत कधीतरी स्वयंपाकघरातून फोडणीचा वास येतो, आणि मी काय शिजतंय ते बघून नव्या कादंबरीचा अंदाज बांधतो.

तर त्या दुपारी रडणं ओसरल्यावर बसव्वा अज्जींनी पदरानं नाक पुसलं आणि हळूच विचारलं, ‘‘कोन गेलं गं, लेकी?’’

‘‘धाकटी,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘माझी धाकटी बहीण.’’

अज्जींनी माझ्याकडं पाहिलं, अण्णांकडं पाहिलं. ‘‘तिला जाऊन तर लई वर्सं झाली की.’’

‘‘व्हय. तवा रडू दिले न्हाईत. घास बी कुणी आणला न्हाई.’’

अज्जींच्या हातात भाकरीचा मोडलेला तुकडा तसाच राहिला होता. त्यांनी तो झुणक्यात बुडवला, वहिनींच्या तोंडापाशी नेला आणि बोलून गेल्या, ‘‘म्हंजे तवापासनं उपाशीच हाईस व्हय गं?’’